भांडं अजून रिकामं का झालं नाही

तीर्थस्वरूप आत्यास, तुझ्या आळशी भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? इथे सगळं ठणठणीत आहे, बाबांचा खोकलासुद्धा.

तुझं चौथं पत्र पोचलं. चारही पत्रांत मजकूर एकच : निळ्या काठाचं काचेचं भांडं कधी परत करताय? (बाबांशी भांडून तडक निघून गेलीस तेव्हापासून पत्रं माझ्या नावे येतात, तेही समजलं.) अगं, भांडं द्यायला कोण नाही म्हणतंय? पण ते रिकामं तर व्हायला हवं! शेवटचा तुकडा जो खाईल त्याने भांडं घासायचं, हा कायदा या घरात तूच केलास. तुझ्या खजुराच्या केकवर आम्ही दोन दिवस तुटून पडलो, एकच तुकडा उरला, आणि सगळ्यांची भूक एकाएकी मेली. मी त्यातला अर्धा खाल्ला. हिने उरलेल्याचा अर्धा. बाबांनी त्याचाही अर्धा, पट्टी लावून (गणिताचे मास्तर निवृत्त होतात, पट्टी होत नाही). कोणी अर्ध्याहून जास्त खाल्लं यावरून तोंडं वाजायला लागली, तेव्हा मी दुकानातला औषधं तोलायचा तराजू घरी आणला.

आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. हे कधी संपणारच नाही का? बाबा म्हणाले, मनात हवे तितके अर्धे कर, पण अनंत तुकडे खरोखर एका भांड्यात असूच शकत नाहीत. अनंत ही न संपणारी वाट आहे, वस्तू नव्हे. ही भाजी चिरता चिरता म्हणाली, "मग तुम्ही कापता तो अर्धा आधी तिथे नव्हता का? आणि त्याचा अर्धा? सगळे आधीपासूनच बसलेत की आत!" बाबांनी पट्टी उचलून तुकडा पुन्हा मोजला. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत. परवा गिऱ्हाइकाने अर्धी गोळी मागितली, तर तिच्यात आणखी किती अर्ध्या दडल्यात याचा विचार करत मी उभाच राहिलो. शेवटी तो म्हणाला, "अहो, ताप मला आलाय!"

नवव्या दिवशी तराजूचा काटा हलेना, तरी बोटाला गोड लागत होतं. दहाव्या दिवशी ओट्यापाशी बाबा सापडले, चमचा तोंडात! उरलेले सगळे अर्धे एका घासात गट्टम. वर मला म्हणतात, "संपलं ना? म्हणजे अनंत नव्हतंच. सिद्ध झालं!" ही म्हणाली, "मग घासा भांडं." त्यावर चष्मा सावरत बाबा म्हणाले, "तसं काठाला अजून थोडं आहे."

तेव्हा हा वाद मिटेपर्यंत भांडं पाठवता येत नाही. राग नसावा.

तुझाच,
भाचा

ता. क. : काठाला काहीही नाही. बाबांनी त्याच दुपारी भांडं घासलं. रोज फडक्याने पुसून ठेवतात.

आणखी एक ता. क. : पाठवून देऊ का, असं मी विचारलं. म्हणाले, "भांडं गेलं की ती पत्र कशाला लिहील?" आत्या, भांडण कशावरून झालं होतं तेही त्यांना आता आठवत नाही. भांडं न्यायला तूच ये. येताना केक आण. शेवटचा तुकडा स्वतः खाणार, असं बाबांनी आपणहून सांगितलंय.