रायआवळे मीच तोडले

संचिता,

मागच्या दारी झाडावर आता एकही रायआवळा दिसणार नाही. आज सकाळी मीच सगळे ओरबाडले. झाड मी लावलं, सहा वर्षं पाणी घातलं, तेव्हा साधं फूल आलं नाही. काल आई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "धाकटीला दिवस गेले आणि झाडानंही फळ धरलं. पायगुण लागतो!" सगळ्या हसल्या. मी चहाचे कप उचलले.

फेकायलाच निघालेले, पण तुला हल्ली आंबट लागतं ते आठवलं. धुऊन, मीठ-तिखट लावून फ्रीजमध्ये ठेवलेत. आजच्या डोहाळजेवणाला मी नाही, कल्याणला माहेरी चाललेय.

तुझ्यावर राग नाही, असं लिहिणार होते. पण आहे. तू बाळंत होईपर्यंत जाईल बहुतेक.

तुझी मोठी जाऊ,
रचना