भैरोबाला लावलेला कौल

आई, परवा आम्ही टेकडीवर जाऊन आलो. तू गेल्यावर वरपर्यंत सिमेंटचा रस्ता झालाय, गाडी थेट दीपमाळेपाशी थांबते. त्यामुळे पायथ्याचा म्हसोबा खालीच राहिला. त्याला नारळ दिल्याशिवाय तू वर पाऊल टाकू द्यायची नाहीस. मी गाडी मागं घे म्हणालो, तर तुझा नातू म्हणाला, "आण्णा, उतरताना देऊ की. म्हसोबा काय पळून चाललाय?" शिक्रापूरच्या कंपनीत शिफ्टवर जायचं असतं, त्याला सगळ्याचीच घाई. मी वर पोचेपर्यंत मागच्या काचेतून खाली बघत होतो.

तुझ्या सुनेच्या काळजाची झडप खराब झालीय. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लांबवू नका. पोरगा तयार, ती स्वतः तयार. मीच अडून बसलो होतो, भैरोबाचा कौल घेतल्याशिवाय सही करणार नाही म्हणून. वर पोचल्यावर तिनं गणपतीला दुर्वा वाहिल्या, महादेवाच्या गाभाऱ्याबाहेर नंदीला टेकून दम घेतला, देवीची ओटी भरली. दर देवळापाशी मी विचारायचो, गोळी घेतलीस का, चक्कर येते का. शेवटी ती म्हणाली, "छाती माझी धडधडतीया, आन् घाम तुमाला. जावा आता भैरोबाकडं, मी बसते हितं कट्ट्यावर."

भैरोबाचं देऊळ मागच्या अंगाला, तसंच बुटकं, वाकून आत जावं लागतं. गुरव नवा आहे, तरणा. त्यानं दोन कळ्या ओल्या केल्या आणि देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही, हे तुला काय सांगायचं. मी हात जोडून उभा आहे, आणि माझ्या शेजारी तू उभी आहेस. दौंडच्या रेल्वेत मला रुळांवर खलाशाचं काम लागत होतं, तेव्हा तू असाच कौल लावला होतास. डावी कळी पडली. तू म्हाताऱ्या गुरवाला म्हणालीस, "पाणी जास्ती लागलं, परत लावा." परत डावी. "आज देवाचं चित्त थाऱ्यावर न्हाई," म्हणालीस. तिसऱ्यांदा उजवी पडल्याबरोबर पदर खोचून तू बाहेर. उतरताना मी विचारलं, असं चालतं का. तू म्हणालीस, "तुला धाडायचं माझं ठरलंच व्हतं. न इचारता धाडलं तर त्याला वाईट वाटंल, म्हणून इचारलं." मला ते पाप वाटलं होतं. मग चांगलं वर्षभर मी रुळांपाशी जीव मुठीत धरून काम केलं.

परवा बराच वेळ काहीच पडेना. मग डावी पडली. गुरव म्हणाला, "आबा, नको म्हणतोय देव. परत लावू का?" मी नको म्हणालो. बाहेर आलो तर ती कट्ट्यावर बसून पोराला खालची शेतं दाखवत होती. माझ्याकडं न बघताच तिनं विचारलं, "काय म्हणला?"

मी म्हणालो, "उजवा दिला."

"मग करा की सही," ती म्हणाली, आणि उठायला हात पुढं केला.

येताना म्हसोबाला नारळ दिला. काल दवाखान्यात सही केली, सोमवारी ऑपरेशन आहे. देवाचं मोडलं आणि तिला खोटं सांगितलं, दोन्हींची भीती वाटते. पोराला सांगावं तर तो हसेल, तिला सांगावं तर ती घाबरेल. तुला लिहिलेलं हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहवतं. तू तरी देवाशी भांडलीस. मी भांडलो नाही. डावी कळी पडली तेव्हा आता सही करायला नको, पुढं काही झालं तर माझ्यावर येणार नाही, असं वाटून मला आधी बरं वाटलं, आई. त्या बरं वाटण्याची लाज वाटली, म्हणून उजवा म्हणालो.