दोरी सैल झाली ती सात मिनिटं

प्रिय कावेरी,

फोनवर मी धड बोलत नाही म्हणून रुसू नकोस. घरात बोललेलं हल्ली ऐकलं जातं. राजाजीनगरच्या पोस्टात बाकावर बसून हे लिहितेय. तुझे बाबा घरी आहेत.

निवृत्तीनंतर त्यांना पाण्याखाली उतरायचं वेड लागलं, ते तू जाणतेसच. हवा भरायची ती छोटी होडी मात्र माझ्या आग्रहाची. पाठीवर जड सिलिंडर घेऊन किनाऱ्यापासून खडकापर्यंत पोहत जाणं त्यांच्या वयाला झेपेना. होडी गाडीच्या डिकीत मावायची. वाळूवर पायपंपानं फुगवायची, वल्हवत जायचं, नांगर टाकायचा. मग ते खाली आणि मी होडीत, त्यांच्या कमरेला बांधलेल्या दोरीचं टोक हातात धरून. मी एकदा ओढलं की तेही एकदा ओढत, म्हणजे सगळं ठीक. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांशी इतकं नेमकं कधी बोललो नव्हतो गं.

फेब्रुवारीत होन्नावरच्या पुढे गेलो, तेव्हा त्यांच्याबरोबर नेहमी उतरणारा योगीराज तापानं आला नव्हता. एकट्यानं उतरू नये, हे त्यांनीच मला सांगितलेलं. मी म्हटलं, आज राहू द्या. "स्वल्प वेळ, सुनंदा," म्हणाले. मीच त्यांच्या कमरेला दोरी बांधून दिली, ते अजून खातंय मला.

पाणी तेलासारखं संथ होतं. बुडबुडे येत होते, ते थांबले. दोरी ओढली, उत्तर नाही. पुन्हा ओढली तर सगळीच वर आली. टोकाचा फास तसाच बांधलेला, आत कोणी नाही. मी हाका मारल्या, पण किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. घड्याळात सात मिनिटं गेली. मग माझ्या पाठीमागून, समुद्राच्या बाजूनं, होडीच्या कडेवर एक हात आला. बाबाच होते. जराही दम लागलेला नव्हता. शांतपणे विचारलं, "आपण किती जण आलो होतो?"

डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन काढला. सगळं उत्तम, थोडा वेळ द्या म्हणाले. दिला. पण आयुष्यभर मोडकंतोडकं कन्नड बोलणारा हा माणूस परवा भाजीवालीशी घडाघडा बोलत होता. शिवलीला, ती भाजीवाली, मला बाजूला घेऊन म्हणाली, "अक्का, साहेब समुद्राकडचे का? तिकडचे कोळी बोलतात असं." दर रविवारी ते हॉलमध्ये होडी फुगवतात आणि दाराकडे तोंड करून आत बसून राहतात. मला शेजारी बसवतात. वाईट वागत नाहीत. पूर्वी कधी धरला नाही तसा माझा हात धरतात. त्यांचा हात गार असतो, तरी मी सोडवून घेत नाही.

मे महिन्यात तू यायचं ठरवलंयस, त्यासाठी हे पत्र. येऊ नकोस. काही कारण सांग, तिकीट रद्द कर. होडीतून तुला घेऊन जायचं, असं ते रोज म्हणतात. काल जेवताना त्यांनी विचारलं, "कावेरीला पोहता येतं का?" सहा वर्षांची असताना तुला पोटाखाली हात धरून ज्यांनी पोहायला शिकवलं, त्यांनी हे विचारलं, कावेरी. मी म्हटलं, "हो, चांगलं येतं." त्यांचा चेहरा उतरला.

दूर राहा, सुखी राहा.

तुझीच,
आई