उतारावर क्लच नको

ठमे,

जीपची किल्ली कपाटात, माझ्या चष्म्याच्या डबीखाली आहे. नर्सबाई लशींची पेटी घेऊन फाट्यावर उभ्या असतील, त्यांना ताटकळत ठेवू नकोस. मी का आलो नाही असं विचारलं तर हात मुरगळलाय म्हण. डॉक्टरांनी डोळ्यांमुळे माझं गाडी चालवणं बंद केलंय, याबद्दल चकार शब्द काढू नकोस.

खाणीजवळचा उतार लागण्याआधी गाडी पूर्ण थांबव. क्लच दाबून गिअरशेजारची छोटी दांडी 'लो'वर टाक, पहिला गिअर घाल आणि गाडी सरकली की दोन्ही पाय बाजूला घे. इंजिनच तिला धरून ठेवतं, मुंगीच्या पावलानं उतरेल. पाय आपोआप क्लचकडे जाईल. तेवढं मात्र करू नकोस. क्लच दाबलास की चाकं मोकळी सुटली, मग देवच वाली. वेग वाढतोय असं वाटलं तर ब्रेकवर नुसता पाय टेकव.

काल शेजारी बसून तुझ्यावर खेकसलो ते मनावर घेऊ नकोस. तू बरोबरच चालवत होतीस. माझ्याच पायांना दम निघेना. माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबून दाबून खालची मॅट फाडली मी.

घरात बसवेना, म्हणून चालत पुढे निघालोय. आईला सांगू नकोस, ती मागे माणूस धाडेल. उताराच्या तळाशी उभा दिसेन, पण सपाटीवर आल्याशिवाय थांबू नकोस. मग मला मागच्या सीटवर घे. तिथं पायाखाली फाडायला मॅट नसते.

बाबा