दाजींनी दिलेली गाडी आणि आईचा डोळा

काराकोल,
जर्दाळू फुलायच्या बेतात

आदरणीय ओमुरझाक दाजींना धाकट्या मेहुण्याचा, हात छातीशी धरून सलाम. तुमचा गुडघा, बुरुलचाताईचं ब्लड प्रेशर, मुलांच्या परीक्षा, सगळं ठीक असेलच. इकडे आम्ही, मेंढ्या आणि तुम्ही दिलेली गाडी सुखरूप आहोत. (हे वाक्य बायकोने, नुरिलाने, लिहायला लावलं. पुढची तिने वाचलेली नाहीत.)

गाडी हिवाळाभर जर्दाळूच्या झाडाखाली उभी होती. पुढच्या काचेच्या बुडाशी पाणी वाहून जायला भोकं असतात (असतात, हे मला आत्ता कळलं), ती पानांनी बुजली. बर्फ वितळलं आणि पाणी बाहेर जायचं सोडून आतल्या गालिच्याखाली मुक्कामाला आलं. आधी नुसता वास यायचा, भिजलेल्या मेंढीसारखा. नुरिलाने माझ्या कोटावर संशय घेतला. कोट धुतला, वास तसाच. मग एकदा ब्रेक दाबला आणि मोजे ओले झाले.

मोजे वाळतात हो, पण पाणी वायरींत शिरलं होतं. डावीकडे वळायचा दिवा लावला की वायपर फिरायला लागले. रेडिओ लावला की पुढचे दिवे जायचे. कहर म्हणजे गुरांच्या म्हाताऱ्या डॉक्टरच्या मयतीला गेलो, सगळ्यांनी दुवेसाठी हात पुढे धरले, आणि बाहेर उभ्या गाडीने हॉर्न धरला तो सोडीचना. शेवटी बॅटरीची वायर उपटली. मयताच्या मुलाने नंतर माझा हात हातात घेऊन, अब्बांना गडबड आवडायची, असं सांगितलं. भला माणूस.

एरवी मी हसलो असतो. पण बुधवारी तुमच्या बिश्केकात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. तिला एका डोळ्याने नुसता उजेड कळतो, दुसऱ्याने समोर माणूस आहे की घोडा, एवढंच. ही तारीख हुकली तर पुढची थेट पानगळीनंतर. आणि तिला घेऊन येताना वाटेत बूमच्या घाटात, वळणावर, शेजारी आई आणि दिवे गेले तर? हा विचार जेवताना येतो, मेंढ्या सोडताना येतो. मी बारीक झालोय. (नुरिलाच्या मते नाही.)

कुणीतरी म्हणालं, तांदूळ ओल ओढून घेतात. मी पाहुण्यांसाठी राखलेले तांदूळ जुन्या मोज्यांत भरून सीटांखाली ठेवले. ओल गेली नाही, तांदूळ गेले. ते कुणालाही शिजवून वाढलेले नाहीत, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो. मग ताबिल्दी मेकॅनिकला बोलावलं. त्याने सीटा उपटून अंगणात मांडल्या, गालिचा कुंपणावर टाकला, वायरींचे हिरवे पडलेले जोड खरवडले. एक जोड नीट केला की दुसरीकडे काहीतरी बंद पडायचं. तो म्हणाला, होईल. मी विचारलं, कधी? तर त्याने आकाशाकडे बघितलं.

आईला मात्र अंगणातली सीट फार आवडली. उन्हात तिच्यावर रेलून ती लोकर विंचरत बसली आणि मी तिच्याभोवती घिरट्या घालत वायरी, घाट, दिवे असं काहीबाही बडबडत होतो. तिने बराच वेळ ऐकून घेतलं.

"केंगेश, तू गाडीला घाबरतोयस की माझ्या डोळ्याला?"

मी चहा आणायला आत गेलो. परत आलो तरी ती वाट बघत होती.

"डोळ्याला," मी म्हणालो.

"मग बस इथं. मीपण घाबरलेय. दोघांनी उभं राहून काय होणार?"

दुसरी सीट तिच्याशेजारी ओढली आणि आम्ही कुठेही न जाणाऱ्या गाडीत बसावं तसे, ऊन उतरेपर्यंत बसून राहिलो. उठताना तिने निकाल दिला: शेजारच्या सायराबाई मिनीबसने बिश्केकला निघाल्यात, ती त्यांच्याबरोबर जाणार, आणि मी घरी राहून मेंढ्या बघायच्या. तिच्यापुढे कुणाचं चाललंय? तुमचं तरी लग्नात चाललं होतं का?

तेव्हा दाजी, हे पत्र तुमच्या हातात देणारी म्हातारी कोण, हे ओळखलं असेलच. तिच्या चहात आपल्याकडच्या रीतीने मीठ घालू नका, सुरुवातीलाच साखर विचारा.

तुमचा,
केंगेश

ता. क. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत तिचा हात तुम्ही धरा. ती नको म्हणेल. सोडू नका. मी धरला तर माझी भीती तिला लगेच कळते.

ता. क. २. ताबिल्दीने काल सीटा परत बसवल्या. दिवे लागतात, निदान दिवसा तरी लागलेत. मेंढ्या नुरिलाकडे सोपवून मी मिनीबसच्या मागोमाग येतोय. आईला हे ठाऊक नाही. मी दारात आलो की "अरे, तू कसा काय?" असं आश्चर्य दाखवा. नुसता चेहरा करून भागणार नाही, तिला दिसत नाही. जरा मोठ्याने करा.