उत्तरेचं दार

१२ मे १९९७, सोमवार

आले एकदाची! नवी पाद्रीणबाई कशी दिसते ते अख्खं लिटल हार्न्सी गाव खिडकीच्या पडद्याआडून बघत होतं. बघा म्हणावं पोटभर. चर्च मात्र पाहताक्षणी आवडलं. गारगोट्यांच्या तीन-तीन फूट जाड भिंती, साडेआठशे वर्षांच्या गोल कमानी, छतात ओकच्या लाकडाचे देवदूत. त्यांची नाकं मूर्ती न मानणाऱ्या कुणा जुन्या धर्मसुधारकांनी फोडलेली. उत्तरेचं दार तेवढं विटांनी चिणलेलं. चर्चची देखभाल करणारे म्हातारे गवंडी विल्फ्रेड टकवेल म्हणाले, ते सैतानाचं दार. पूर्वी बाप्तिस्म्याच्या वेळी उघडं ठेवायचे. बाळ रडलं की त्याच्यातलं वाईट तिथून बाहेर पडायचं. विल्फ्रेडच्या आजोबांनी ते चिणलं. मला हसू आवरेना. भिंतीला ओल किती आलीय! वारा हवा तिथे.

१७ मे

विल्फ्रेडनी कुरकुरत विटा काढल्या. बाई, देवानं तुम्हाला विद्या ढीगभर दिली, शहाणपण मात्र चिमूटभर, हेही ऐकवलं. आत जुनं दार शाबूत निघालं. बाहेर उघडतं, कडी नाही.

२१ मे

भरदुपारी उत्तरेच्या गवतात पावलं उमटलीत. तान्ह्या बाळाएवढी, सगळी दाराकडे येणारी. विल्फ्रेडनी विचारलं, इतक्या वर्षांत त्या दारातून जे जे बाहेर गेलं, ते कुठे गेलं असेल? भीती वाटली. हो, वाटली. म्हणून गावातल्या ब्रायनीच्या तान्ह्या लेकीचा, एडिथचा, रविवारचा बाप्तिस्मा पुढे ढकलू? मुळीच नाही.

२५ मे, रविवार

डोक्यावर पाणी पडलं, एडिथ रडली नाही. दार आपोआप उघडलं — फरशीवर ओली पावलं, बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडाकडे. पोर निळी पडली. मी दार ओढून घेतलं, तशी रडली. सोडलं, पुन्हा गप्प. घरी नेली तरी तेच, म्हणून परत चर्चमध्ये आणली. चूक माझीच.

दुपार

आतून ओढून हात रक्ताळले. बाहेरून ओढणारे फार आहेत. कुणीतरी बाहेरून पाठ लावायला हवी, तोवर आतून विटा. विल्फ्रेड म्हणाले, मी जातो. म्हटलं, मग भिंत काय मी बांधू?

दोन वाजता

बाहेर आहे. पाठीशी दार. आत थापीचा आवाज, एडिथचं रडणं — इतकं गोड रडणं मी कधी —

गवत हलतंय. मोठ्यानं सांगितलं, दार मी उघडलं, मीच लावणार.

घोटे धरलेत. गार. धरा.

विल्फ्रेड, थांबू नका — तीनच थर राहिलेत — रडू दे तिला, रडू दे —

मी इथून हल