वारस म्हणून थोरल्याचं नाव

३ जुलै १९७९
चिखल्याला व्याख्यान, खाणकामगारांपुढे. विषय 'कुटुंब आणि जोखीम'; बी.कॉम.ला पंधरा वर्षं तेच दळण. विचारलं, विम्याच्या कागदावर वारस कोण? बायकोचं नाव सांगणारे तिघे. बाकी सगळ्यांचा थोरला भाऊ. एकजण म्हणाला, "मोठा भाऊ असून बायकोचं नाव देलं त घर फुटलं म्हनतेत लोकं." किळस आली. तसं बोललोही. टाळ्या पडल्या. कागद कोणी बदलणार नाही.

९ जुलै
चिखल्याची सखूबाई कॉलेजात आली. नवरा गेल्या साली ट्रकखाली गेला. विम्याचे पैसे भासऱ्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या हाती. त्यानं स्वतःच्या नावावर धानशेतीच्या बांध्या घेतल्या. म्हटलं, हक्क तुझा, कोर्टात जा. "मंग राहू कुठं, सर? त्याच्याच घरी राहून राहिली ना मी." तरी कोर्टाचा अर्ज लिहून दिला. फुकटचा शहाणपणा.

१० जुलै
सौ.ला हे सगळं तावातावानं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आन तुमच्या कागदावर कोनाचं नाव हाय?"
दादांचं, माझ्या थोरल्या भावाचं. नोकरीचा पहिला महिना, लग्नाआधीचा कागद. दादांनी शिकवलं, म्हणून मोठ्या अभिमानानं दिलं होतं. नंतर सौ. आली, दोन मुली झाल्या. आणि मी लोकांना जोखीम शिकवतो. थू.

१४ जुलै
बदलाचा फॉर्म आणला. सही होईना. एजंट आमच्या गावचा, पवनीचा, दादांच्या उठबसीतला. त्याच्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं.

२२ जुलै
पवनी. धानाची रोवणी चालू. दादा बांधीतून वर आले. मी कायद्याची पुस्तकी भाषा बोलत सुटलो, लाज वाटेल अशी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "बदलव. पन पोरीईले मी उपाशी ठेवीन, असं तुले काहून वाटलं?"
नव्हतं वाटलं. सखूबाईच्या नवऱ्यालाही वाटलं नसेल. हे म्हणायला हवं होतं. "तसं नाही" एवढंच निघालं. वहिनींनी पान वाढलं. दादा न जेवता परत बांधीत गेले.

२३ जुलै
सही केली. सौ.चं नाव लिहिलं. साक्षीदाराची जागा रिकामी. म्हटलं, कॉलेजातल्या कोणाची तरी घेतो.
सौ. म्हणाली, "दादाईचीच घ्या. चोरून नाव नाई पायजे मले."
पवनीची बस सकाळी सहाला. जाईन की नाही, ठाऊक नाही.